वईपलीकडचं

एक साधा कागद होता. त्यावर पंधरा ओळींची कविता, तिच्यात आठ गाळलेल्या जागा, आणि वर सूचना : ‘क्वेस्तो’ किंवा ‘क्वेल्लो’ यांची योग्य रूपं भरा.

क्वेस्तो म्हणजे हा, क्वेल्लो म्हणजे तो. इटालियन शिकायला लागल्यावर पहिल्या पंधरवड्यातच हे दोन शब्द हाती पडतात. पेरुज्यातलं परदेशी विद्यार्थ्यांचं विद्यापीठ पालाझ्झो गालेंगा या अठराव्या शतकातल्या वाड्यात भरतं, आणि वाड्यासमोरच एत्रुस्कन काळातली अजस्र दगडी वेस उभी आहे. खिडकीतून त्या वेशीकडे बोट दाखवत आम्ही ‘ती वेस’ म्हणायला शिकलो, टेबलावर हात ठेवून ‘हे टेबल’ म्हणायला शिकलो. मराठी माणसाला यात अडण्यासारखं काही नसतं. नामाचं लिंग बघून हा-ही-हे करायची सवय आपल्याला जन्मापासूनची. म्हणून तो कागद हातात आला तेव्हा पाच मिनिटांत भरून होईल असं मला वाटलं होतं.

कविता जाकोमो लेओपार्दीची होती. ‘लिनफिनितो’, म्हणजे ‘अनंत’. इटलीत शाळेतली मुलं ती पाठ म्हणतात. लेओपार्दीनं ती १८१९ साली लिहिली, विशी-एकविशीत, मार्के प्रांतातल्या रेकानाती या त्याच्या गावी.

कवितेत घडतं ते अगदी थोडं. एक माणूस एका निर्जन टेकडीवर बसला आहे. समोर एक वई आहे. कोशात त्या शब्दाचा अर्थ ‘झुडपांचं कुंपण’ असा मिळाला, पण माझ्या डोळ्यांसमोर कोकणातली वईच आली, आणि ती आता तिथून हलणार नाही. ही वई क्षितिजाचा बराच भाग झाकून टाकते. माणूस बसून बघत राहतो आणि वईपलीकडे मनातल्या मनात अमर्याद अवकाश, माणसाच्या आवाक्यापलीकडची शांतता उभी करतो. तेवढ्यात झाडांतून वारा सळसळतो. त्या आवाजानं त्याला अनंतकाळ आठवतो, सरून गेलेली युगं आठवतात, चालू असलेलं जिवंत युग आणि त्याचा कोलाहलही. शेवटी विचार बुडतो, आणि ते बुडणं गोड लागतं. बस, एवढंच.

आता त्या आठ जागा. सहा ठिकाणी ‘हा’ आहे, दोन ठिकाणी ‘तो’. टेकडी ‘ही’, वई ‘ही’. दोन्ही बसलेल्या माणसाच्या हाताजवळ आहेत. वर्गातल्या सगळ्यांनी इथवर बरोबर लिहिलं आणि पाचव्या ओळीत सगळेच चुकलो. तिथे पुन्हा वईचाच उल्लेख येतो, वईच्या पलीकडच्या अवकाशाविषयी बोलताना. आम्ही अर्थातच ‘ही’ भरलं. वई कुठे हलली होती? माणूस कुठे उठला होता? पण लेओपार्दी तिथे ‘ती’ म्हणतो. तीन ओळींपूर्वी ‘ही’ असलेली वई आता ‘ती’ झाली आहे.

मला या एका सर्वनामाचं नवल अजून ओसरलेलं नाही. कवी कुठेही सांगत नाही की माझं मन वई ओलांडून गेलं. मन गेलेलंच आहे, आणि तिकडून मागे वळून पाहिल्यावर वई दूर दिसते आहे. शरीर अलीकडे, बोलणारा पलीकडे. मोठी उपमा नाही, उद्गारवाचक चिन्ह नाही. व्याकरणाच्या तक्त्यातलं एक रूप बदललं आणि माणूस हद्द ओलांडून गेला.

दुसरा ‘तो’ नवव्या ओळीच्या अगदी टोकाला येतो. वारा झाडांत वाजतो. ती झाडं ‘ही’, वाऱ्याचा आवाजही ‘हा’. पण ज्या मौनाशी तो आवाज ताडून बघायचा ते मौन ‘ते’ आहे. आणि हे ‘ते’ ओळीच्या काठावर लोंबकळत राहतं. त्याचं नाम खालच्या ओळीत आहे. कविता मोठ्यानं वाचताना तिथे थांबावंच लागतं. ‘ते’ म्हणून झालं, पण ते म्हणजे काय, हे अजून यायचं आहे. एका श्वासापुरतं आपण नुसत्या ‘ते’पाशी उभे असतो. ज्याला नाव नाही त्याच्याकडे बोट दाखवण्याचा याहून प्रामाणिक प्रकार मला ठाऊक नाही.

लेओपार्दी हे मुद्दाम करतो, याला त्याचीच साक्ष आहे. ‘ज़िबाल्दोने’ या त्याच्या टिपणवहीची ४,५२६ पानं आहेत, आणि तिच्यात तो या विषयाकडे पुन्हापुन्हा वळतो. नजर अडली की तिची जागा कल्पना घेते. सगळं दिसत असेल तर कल्पनेला काम उरत नाही. दूरचं, जुनं, अस्पष्ट सांगणारे शब्द म्हणून काव्यमय. त्याचा एक लाडका शब्द आहे ‘वागो’. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘अस्पष्ट’ही होतो आणि ‘मनोहर’ही. एकाच शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ सुखानं नांदतात, हे कळलं त्या दिवशी मला या भाषेविषयी जे वाटलं ते कुठल्याही परीक्षेतल्या गुणांनी वाटलं नसतं.

मराठीच्या आधारानं आणखी एक गोष्ट दिसली. इटालियनमध्ये ‘मी ते आवडतो’ असं म्हणत नाहीत. ‘मला ते आवडतं’ असं म्हणतात. इंग्रजीतून आलेले माझे सहाध्यायी यावर आठवडे घालवायचे, आणि मी मात्र घरी आल्यासारखी बसले होते. कवितेचा आरंभ याच रचनेनं होतो : टेकडी ‘मला’ प्रिय होती. शेवटही याच रचनेनं : बुडणं ‘मला’ गोड आहे. दोन्ही टोकांना माणूस कर्ता नाही. गोष्टी त्याच्यापर्यंत येतात, त्याला होतात. ‘मी’, इटालियनमधलं ‘इओ’, कवितेत फक्त दोनदा उच्चारलं जातं आणि दोन्ही वेळा मधल्या भागात, जिथे मन राबतं आहे. एकदा तो मनात अवकाश घडवतो तेव्हा, आणि एकदा मौन व आवाज ताडून पाहतो तेव्हा. ‘मला’कडून ‘मी’कडे आणि ‘मी’कडून परत ‘मला’कडे. अहंकार विरघळला वगैरे मोठे शब्द टीकाकारांनी वापरावेत. कवीनं विभक्तीवर भागवलं आहे.

घडवण्यासाठी त्यानं वापरलेलं क्रियापद ‘फिंजेरे’. आजच्या बोलीत त्याचा अर्थ ढोंग करणं, भासवणं, आणि वर्गात आम्ही तेवढाच शिकलो होतो. पण लॅटिनमध्ये या धातूचा अर्थ मातीला आकार देणं असा आहे. लेओपार्दीला लॅटिन आणि ग्रीक घरच्यासारख्या होत्या. वईपलीकडचं अनंत त्याला दिसलेलं नाही, त्यानं ते हातानं मडकं वळावं तसं वळलं आहे. आणि आपण वळलेल्या त्या वस्तूपुढे त्याचं काळीज भ्यायचं तेवढं बाकी राहतं.

मौन आणि आवाज ताडताना तो ‘वो कोंपारांदो’ म्हणतो. साधं ‘तुलना करतो’ असं नाही. जाणं या क्रियापदाची जोड देऊन केलेली रचना आहे. मराठीत ती जशीच्या तशी सापडते : ताडत जातो. ‘जातो’मध्ये चाल आहे, सावकाशी आहे, शेवट कुठे ते ठरलेलं नाही. पुढच्या ओळींत ‘आणि’ मागून ‘आणि’ येत राहतो, लाटेमागून लाट यावी तसा. कवितेत ‘पण’ मात्र एकच आहे, चौथ्या ओळीत, वईनं नजर अडवल्यानंतर लगेच. अडवलं, पण. त्या एका ‘पण’च्या जोरावर उरलेली कविता उभी आहे.

ज्या मुलानं हे लिहिलं तो विद्यापीठात कधी गेला नाही. वडील, काउंट मोनाल्दो, यांनी घरात सुमारे २०,००० पुस्तकांचं ग्रंथालय जमवलं होतं. त्यात सात वर्षं स्वतःला कोंडून घेऊन त्यानं ग्रीक, हिब्रू आपल्या आपण शिकून घेतल्या, आणि पाठ व डोळे कायमचे गमावल्यासारखे झाले. १८१९ साली दृष्टी इतकी बिघडली की वाचणं बंद पडलं. त्याच उन्हाळ्यात त्यानं गुपचूप पारपत्र मिळवून घरातून निघून जायचा बेत केला; वडिलांना सुगावा लागला आणि बेत फसला. पुस्तकं मिटलेली, गावाची वेस बंद, डोळ्यांपुढे अंधुक. अशा वर्षात वईची कविता लिहिली गेली, हे माहीत झाल्यावर तिच्यातल्या गोडव्याची किंमत कळते. पण कविता स्वतः यातलं एक अक्षरही सांगत नाही, आणि तिच्या न सांगण्याचा मला आदर वाटतो.

‘इन्फिनितो’ या शब्दाचा आणखी एक अर्थ इटालियन शिकणाऱ्याला आधी भेटतो. क्रियापदाचं मूळ रूप, ज्याला काळ नाही, पुरुष नाही, वचन नाही, त्यालाही इटालियन व्याकरणात ‘इन्फिनितो’ म्हणतात. कोशात क्रियापदं याच रूपात असतात. मराठीत आपण करणं, जाणं, बुडणं म्हणतो तसं. आणि शेवटच्या ओळीचा कर्ता काय आहे? असंच एक रूप : ‘नाउफ्रागार’, तारू फुटून बुडणं. कोण बुडतो, केव्हा बुडतो, रूपात काहीच नाही. नुसतं बुडणं. लेओपार्दीच्या मनात हा श्लेष होता असा माझा दावा नाही. पण परक्या भाषेच्या विद्यार्थ्याला क्रियापदांचे तक्ते पाठ करता करता एखाद्या रात्री तो दिसतो, आणि मग न दिसल्यासारखं करता येत नाही. (त्या शब्दातलं ‘नाउ’ आणि आपल्या नौकेतलं ‘नौ’ एकाच कुळातली आहेत, हेही त्याच रात्री उमगलं.)

या मूळ रूपाची लेओपार्दीशी जोडलेली एक खरी हकीकत आहे. फ्रान्चेस्को दे सान्क्तिस, ज्यांनी पुढे झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये आणि नेपल्सच्या विद्यापीठात साहित्य शिकवलं, ते तरुणपणी नेपल्समध्ये बाझीलिओ पुओती यांच्या भाषाशाळेत शिकत होते. पुओती शुद्धतेचे कडवे आग्रही. एक दिवस लेओपार्दी तिथे पाहुणा म्हणून आला. ‘ओन्दे’ या अव्ययापुढे क्रियापदाचं मूळ रूप वापरणं पुओतींना खपत नसे. लेओपार्दीनं नम्रपणे सांगितलं की त्याला हे काही घोर पाप वाटत नाही, आणि भाषेच्या बाबतीत निकाल देताना सावकाश जावं. दे सान्क्तिस यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. इतका विद्वान माणूस, आणि त्याचा सल्ला सावकाशीचा. परकी भाषा शिकताना आपण सावकाशच जातो, नाइलाजानं. मराठी कविता वाचताना ‘हा’ आणि ‘तो’ माझ्या डोळ्यांना दिसत सुद्धा नाहीत. मी त्यांच्यावरून धावत नामांकडे जाते. इटालियननं मला प्रत्येक ‘हा’पाशी थांबायला लावलं.

लेओपार्दी १८३७ साली नेपल्समध्ये वारला. या कवितेचं हस्तलिखितही तिथल्याच राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात दिसतं की चौदाव्या ओळीतल्या शब्दासाठी तो ‘अनंतता’ आणि ‘अफाटपणा’ यांत घुटमळला होता. अखेर ‘अफाटपणा’ राहिला. पण माझं लक्ष पुन्हा त्याच्या आधीच्या शब्दाकडे जातं. तो ‘हा’ आहे, आणि नवव्या ओळीतल्या ‘ते’सारखाच ओळीच्या काठावर एकटा ठेवलेला. मघाशी जे ‘ते मौन’ होतं, तेच आता ‘हा अफाटपणा’ झालं आहे. मधे फक्त वारा वाहिला.

आणि मग शेवटची जागा. समुद्र. रेकानातीच्या टेकडीवर समुद्र नाही. एड्रियाटिक गावापासून काही फार लांब नाही, पण कवितेत तोवर पाण्याचा थेंबसुद्धा आलेला नसतो. मी विचार केला : समुद्र दूर आहे, समुद्र अनंत आहे, जे अनंत ते ‘ते’. आणि आत्मविश्वासानं पंधराव्या ओळीत ‘तो’ लिहून कागद दिला.

कागद परत आला तेव्हा पाचव्या ओळीतली चूक लाल शाईनं दुरुस्त केलेली होती. पंधराव्या ओळीतला माझा ‘तो’ बाईंनी खोडला नव्हता. शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात एक प्रश्न होता : तू अजून वईच्या अलीकडेच बसली आहेस का?