दुःख इराणचे, शब्द ग्रीकांचे

इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसच्या सामुद्रधुनीत ग्रीकांनी इराणी आरमाराचा पराभव केला. आठच वर्षांनी, इ.स.पू. ४७२ मध्ये, एस्किलसचे ‘पर्शियन्स’ हे नाटक अथेन्समध्ये सादर झाले. नाटक घडते सूसा या इराणी राजधानीत. राजमाता मुलाची वाट पाहते. झर्क्सिस फाटक्या वस्त्रांत परततो. जेत्यांच्या रंगभूमीवर पराभूतांचा आक्रोश! एकाही ग्रीक वीराचे नाव नाटकात येत नाही. हे मोठेपण मान्यच. पण ही राजमाता बोलते ते ग्रीकांच्या कल्पनेतले बोल. एडवर्ड सईद यांनी १९७८ साली ‘ओरिएंटॅलिझम’मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. आपल्याविषयी इतरांनी सहानुभूतीने लिहिलेले वाचतानाही हाच प्रश्न उरतो. परक्याच्या डोळ्यांतले पाणी खरे असेल, तरी आपले दुःख आपणच सांगायला हवे.