होडीतून उतरल्यावर

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला लिहिण्याची उबळ बहुधा दोन प्रसंगी येते. बदलीचा हुकूम हाती पडतो तेव्हा एकदा; आणि समुद्रकाठच्या एखाद्या गावी सुट्टीची सकाळ मोकळी सापडून, खास आपल्यापुरती ठरविलेल्या होडीतून तास-दीड तास किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडणे घडते तेव्हा दुसऱ्यांदा. पहिल्या प्रकारचे लेखन आपण छापावयास पाठवीत नाही, हे त्यातल्या त्यात बरे. दुसऱ्या प्रकारचे मात्र हटकून पाठवितो. अशा लेखांत पाणी निळे असते, वाळू सोनेरी असते, माडांची रांग असते, आणि सुकाणूपाशी एक ‘गरीब पण समाधानी’ नावाडी असतो. वाचून संपल्यावर गाव मलप्याचे होते की विशाखापट्टणचे, हे ठरविण्यासाठी पुन्हा शीर्षकाकडे पाहावे लागते.

लेखकाच्या अंगी गुण नसतात म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. ह्या लेखकांपैकी काहींची पत्रे मी वाचली आहेत. ती उत्तम असतात. दोष कोठेतरी त्या होडीत असावा. तो नेमका कोणता, ह्याचा शोध घेताना मला रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘जीवनस्मृती’तील एका पानाचा फार उपयोग झाला. त्या पानाविषयीच येथे लिहावयाचे आहे.

हे पान कारवारचे आहे. १८८३ साली रवींद्रनाथ तेथे आले ते आपल्या मधल्या भावाकडे. सत्येंद्रनाथ हे सिव्हिल सर्व्हिसमध्ये गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात गेली. तुकारामाचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. आणि त्या सुमारास ते कारवारला न्यायाधीश होते. म्हणजे आपल्या परिभाषेत सांगावयाचे, तर बदलीच्या गावी असलेल्या अधिकाऱ्याकडे त्याचा बावीस वर्षांचा धाकटा भाऊ राहावयास आला होता. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा पाहुणा येऊन गेला असेल, आणि त्याच्यासाठी आपण होडीही सांगितली असेल.

प्रसंग साधा आहे. शुक्लपक्षातील एका सायंकाळी मंडळी लहानशा होडीतून काळी नदीच्या मुखातून आत गेली. रवींद्रनाथांनी तिला कालानदी म्हटले आहे. वाटेत एक जुना डोंगरी किल्ला पाहिला. चांदणे पडले. काठावर उतरून एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात त्यांनी जेवण केले. परतताना ओहोटीवर होडी सोडून दिली. पण मुखाशी पोहोचेपर्यंत फार उशीर झाला. तेव्हा समुद्रातून वळसा घालून घरी जाण्याऐवजी ते होडीतून उतरले आणि वाळूवरून पायी चालत आले. रात्र खूप झाली होती. समुद्रावर लाट नव्हती, सुरूच्या बनाची सळसळ थांबली होती, आणि त्या पांढऱ्या विस्तारातून ही मोजकी माणसे आपापल्या सावल्यांसह, न बोलता चालली होती. घरी आल्यावर झोप लागेना, तेव्हा त्यांनी एक कविता लिहिली.

आता ह्या पानात होडीला किती जागा मिळाली आहे ते पाहावे. दोन-तीन वाक्ये, त्यापलीकडे नाही. जाताना डाव्या हाताला काय दिसले, उजव्या हाताला काय, ह्याचा उल्लेख नाही. ज्या वर्णनासाठी आपण हे पान आठवतो, ते सगळे माणसे जमिनीवर असतानाचे आहे: अंगणातले तिरपे चांदणे, आणि नंतरची ती वाळू. नौकाविहारावरचे हे उत्तम लेखन नौका सोडल्यावर सुरू होते. मला हे योगायोगाचे वाटत नाही.

कारवारास आजही हा जलप्रवास करता येतो. मी तो काही वर्षांपूर्वी केला. कोडीबागेच्या बाजूने यांत्रिक होडी निघते. काळीच्या मुखातून बाहेर पडून देवबागच्या वाळूच्या पट्ट्याशेजारून कूर्मगडाकडे जाते. नशीब असेल तर वाटेत डॉल्फिन पाठ दाखवितात. कूर्मगड बेट दुरून खरोखरच पाठ वर काढलेल्या कासवासारखे दिसते. तेथे नरसिंहाचे देऊळ आहे, आणि पौषातल्या जत्रेला माणसे होड्या भरभरून जातात. त्याच्याही पलीकडे देवगडच्या खडकावर दीपगृह आहे. मागे वळून पाहावे तर सह्याद्री इतका जवळ उतरलेला, की गावाला त्याने जेमतेम बसण्यापुरती जागा ठेवली आहे असे वाटते. देखावा रमणीय आहे ह्यात शंका नाही. तरी परत आल्यावर माझ्याजवळ काय उरले, ह्याचा मी प्रामाणिकपणे हिशेब केला, तेव्हा हाती लागला तो इंजिनाचा आवाज, ओल्या दोरखंडाचा वास, आणि आम्ही सर्वांनी मिळून काढलेली, एकमेकांपासून ओळखू न येणारी छायाचित्रे.

ह्याचे कारण असे की, होडीत बसलेल्या माणसाला काही करावयाचे नसते. पायी चालणाऱ्याला वाट शोधावी लागते. खडा टोचतो, चढ लागतो, कोणाला तरी विचारावे लागते. त्याच्या प्रत्येक पावलाला भूमी उत्तर देत असते. होडीत मात्र किनाराच आपल्यासमोरून सरकत जातो. चित्रकथीने पोथीतली पाने एकामागून एक दाखवीत जावी, तसा. प्रत्येक पान सुंदर असते आणि कोणत्याही पानावर थांबण्याची मुभा नसते. पुन्हा ही होडी खाजगी, म्हणजे सोबतीला परका उतारूही नाही. तरीवर ज्याच्याशी दोन शब्द बोलावे लागले असते तो माणूस, त्याची टोपली, त्याचे भांडण, सगळे आपण पैसे देऊन वगळलेले असते. उरतो तो निव्वळ देखावा. निव्वळ देखाव्याला विशेषणांखेरीज दुसरे काय देता येणार?

येथपर्यंत माझा तर्क झाला. परंतु रवींद्रनाथ त्याच ठिकाणी जे पुढे सांगतात, ते ह्याहून महत्त्वाचे आहे. त्या रात्रीची कविता ते ‘जीवनस्मृती’त देतात, पण संकोचाने देतात. ती त्या रात्रीशी इतकी जखडलेली आहे, की त्या आठवणीवाचून वाचकाला ती कशी लागेल ह्याची त्यांना खात्री नाही. ह्याच शंकेमुळे मोहितचंद्र सेनांनी काढलेल्या काव्यग्रंथात ती घेतली गेली नव्हती. नंतर ते एक विचार मांडतात, त्याचा आशय असा: भावनेने मन भरून गेले असता लगेच लिहिणे ही लेखनाला अनुकूल अवस्था नव्हे. भावनेपासून अगदी दूर असणे वाईट, तसेच तिला अगदी चिकटून असणेही वाईट. काव्याचा रंग चांगला भरते ती स्मृती. समोर उभी असलेली वस्तू मनावर जबरदस्ती करते, आणि ती जबरदस्ती सुटल्याखेरीज कल्पना मोकळी होत नाही.

हा विचार इंग्रजी काव्यशास्त्राच्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही. पण येथे तो सिद्धान्त म्हणून आलेला नाही, स्वतःच्या एका कवितेवरचा निकाल म्हणून आला आहे. म्हणून त्याला वजन आहे. आणि निकालाच्या सत्यतेचा पुरावा त्याच पानावर आहे. कविता त्याच रात्री लिहिली गेली. गद्य लिहिले गेले सुमारे अठ्ठावीस वर्षांनी. ‘जीवनस्मृती’ १९१२ साली ग्रंथरूपाने आली. दोन्ही एकामागोमाग वाचून पाहावीत. कवितेत लेखक चांदण्यात बुडून जाण्याविषयी पुष्कळ बोलतो. गद्यात तो फक्त सावल्यांसह चालतो, आणि बुडण्याचा अनुभव आपल्याला येतो.

माझ्या मते आपल्या नौकाविहाराच्या लेखांतील गफलत नेमकी येथे आहे. कलेला अंतर लागते, ही गोष्ट आपल्याला ऐकून ठाऊक असते. होडी आपल्याला अंतर देते: किनाऱ्यापासून पाव मैल, अर्धा मैल. ते अंतर म्हणजेच ते अंतर, असे आपण समजतो. पाण्यावरून पाहिलेले गाव शांत, एकसंध, चित्रासारखे दिसते. तेथली गटारे दिसत नाहीत, भांडणे ऐकू येत नाहीत. आणि ह्या तटस्थतेला आपण दृष्टी म्हणतो. वस्तुतः हे अंतर केवळ जागेचे आहे. रवींद्रनाथांना हवे आहे ते काळाचे. पहिले भाड्याने मिळते. दुसऱ्यासाठी थांबावे लागते, आणि आपला अंक तर महिन्याच्या महिन्याला निघतो.

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. एके काळी मीही असा एक लेख लिहिला होता. गाव सांगत नाही. कचेरीही सांगत नाही. होडी कचेरीमार्फत सांगितलेली होती. सकाळी सात वाजता ती धक्क्याला लागलेली होती, आणि आम्हांला सावरून चढवून घेण्यासाठी तांडेल कंबरभर पाण्यात उभा होता. भाडे कोण देणार हे मी विचारले नाही. विचारावयाचे नसते, हे मला तोपर्यंत कळू लागले होते. त्याच रात्री लेख लिहून काढला आणि तो छापून आला. त्यात तो ‘समाधानी’ नावाडी माझाच आहे. पुढे कित्येक महिन्यांनी, दुसऱ्याच कामाच्या ओघात, त्या दिवसाचे भाडे त्या माणसाला कोणीही दिले नव्हते असे कळले. तोपर्यंत माझी बदली झाली होती. लेखाचे कात्रण अजून जवळ आहे, वाचवत नाही. लिहावयास थोडा थांबलो असतो, तर निदान ते एक विशेषण तरी गळले असते.

ह्या अनुभवामुळे असेल, पण आता कारवारचे पान वाचताना त्यातील रिकाम्या जागाही मला दिसतात. अंगण सारवलेले आहे, चांदणे भिंतीच्या सावलीवरून तिरपे आले आहे. परंतु ज्याचे अंगण तो शेतकरी एक शब्दही बोलत नाही. जेवण कोणी रांधले हे पान सांगत नाही. न्यायाधीशसाहेबांची मंडळी रात्री अंगणात येऊन बसली, तेव्हा त्या घरात काय धावपळ उडाली असेल, हे आपल्यापैकी दौऱ्यावर फिरलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. मुखाशी मंडळी उतरली आणि चालू लागली. होडी वल्हविणारे मात्र मागे राहिले. त्यांनी ती कोठे नेऊन बांधली? अठ्ठावीस वर्षांच्या स्मृतीने पुष्कळ गाळले, आणि जे गाळले त्यात ही माणसे गेली. स्मृती रंग उत्तम भरते हे खरे. पण कोणावर भरावयाचा, हे ती आपल्या सोयीने ठरविते. रवींद्रनाथांच्या विचारात एवढी पुस्ती जोडावीशी वाटते.

किल्ल्याचेही तसेच. रवींद्रनाथ त्याला शिवाजीचा म्हणतात, नाव सांगत नाहीत. शिवाजी महाराज १६६५ साली कारवारपर्यंत आले होते हे खरे. पण मुखावर जो ठळक उभा आहे तो सदाशिवगड सोंद्याच्या राजाने बांधलेला, त्याच्या वडिलांचे नाव मिरविणारा. मराठी वाचकाला त्या एका नावाने ऊर भरून येतो आणि पुढे चौकशी करावीशी वाटत नाही. होडीवाल्यांनी साहेबाला जे आवडेल ते सांगितले असावे, असा माझा संशय आहे; ती प्रथा अद्याप चालू आहे. त्या डोंगरातून आता हमरस्ता खोदून काढला आहे. रस्त्याला जोडणारा काळीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर नदीत कोसळला. एक मालमोटार पाण्यात गेली, चालक वाचला. तेही पाणी हेच.

तरीही हे पान मी श्रेष्ठ मानतो, आणि त्याचे कारण पुन्हा होडीकडेच येते. कारवारलाच रवींद्रनाथांनी ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. त्यातला संन्यासी सृष्टीपासून सुटून, सर्व बंधने तोडून अनंताला गाठू पाहतो, आणि एक लहान मुलगी त्याला प्रेमाने पुन्हा संसारात ओढून आणते. दूर सरून, न गुंतता पाहणाऱ्या माणसाचा हा पराभव आहे, आणि लेखक त्या पराभवाच्या बाजूचा आहे. होडी सोडून वाळूवर पाय टेकणाऱ्या माणसाने तो लिहिला, ह्याचे मला नवल वाटत नाही.

शेजारी ठेवून वाचण्याजोगे दुसरे लेखन काकासाहेब कालेलकरांचे आहे. त्यांचे वडील सरकारी नोकर. त्यांच्या बदल्यांमुळे बालपणाचा काही काळ कारवारला गेला. ‘स्मरणयात्रे’त तो समुद्र आला आहे. मराठी माणसाने गुजरातीत लिहिलेले हे पुस्तक परप्रांतात राहणाऱ्या आपल्या वर्गाचे म्हटले पाहिजे. तेथे समुद्र पाहण्यासाठी कोणी सहल काढीत नाही. मुलगा तेथे राहतो, म्हणून समुद्र रोजच्या व्यवहारात येतो. त्या दोन कारवारांची सविस्तर तुलना पुढे कधी तरी करावयाची आहे.

तूर्त एक विनंती. ‘जीवनस्मृती’चे इंग्रजी भाषांतर सत्येंद्रनाथांचे चिरंजीव सुरेंद्रनाथ ह्यांनी केले, ते १९१७ साली निघाले आणि आजही सहज मिळते. पण सत्येंद्रनाथांनी स्वतः मुंबई इलाख्यावर बंगालीत ‘बोम्बाई चित्र’ नावाचे पुस्तक लिहिले आहे. आपल्या प्रदेशात बदलीवर आलेल्या परप्रांतीय अधिकाऱ्याने आपल्याकडे कसे पाहिले, हे त्यावरून समजेल. कलकत्त्यास असलेल्या वाचकांपैकी कोणी ते मिळवून त्याचा परिचय ह्या अंकांतून करून दिला, तर आम्हां सर्वांवर उपकार होतील.