रस्त्याकडे तोंड केलेली भिंत : नवलगढची चित्रसंहिता
राजस्थानच्या शेखावाटीतील नवलगढ ही १७३७ साली वसवलेली बाजारपेठ. कलकत्ता-मुंबईत धन मिळवलेल्या मारवाडी व्यापाऱ्यांनी येथील हवेल्यांच्या बाह्य भिंतीही रंगवून घेतल्या. कृष्णलीलेशेजारी आगगाडी आली. मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यातील चित्रे पाहण्यास उंबरठा ओलांडावा लागतो; नवलगढची भिंत मात्र वाटसरूलाच वाचक मानते. म्हणून तिला केवळ धनिकाचे वैभवप्रदर्शन वा केवळ लोककला म्हणणे अपुरे ठरते : आशय धनिकाचा, हात चेजारा म्हणवणाऱ्या गवंडी-चित्रकारांचा, दृष्टी रस्त्याची. १९०२ च्या पोदार हवेलीचे संग्रहालय झाल्याने चित्रे टिकली. परंतु तिकिटाच्या रूपाने उंबरठा परतला. जतनाचा विचार रंगाइतकाच या वाचकसंबंधाचाही व्हावयास हवा.