भिंतीवरचा पिता : तंजावरचा भोसले-वंशलेख आणि शहाजीची पूर्वकथा

कथेतील पुत्र मोठा झाला की वाचकाला त्याच्या पित्याची आठवण होते. पुत्राच्या पराक्रमाने भारावलेला श्रोता एका टप्प्यावर विचारतो : याचा बाप कोण होता, आणि तो इथे का नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून जी कथा सांगितली जाते ती कालानुक्रमाने आधीची, पण निर्मितीच्या क्रमाने नंतरची असते. आजच्या ॲनिमेशनपटांतही हाच क्रम दिसतो. ‘द लायन किंग’ (१९९४) या चित्रपटात मुफासा लवकर मरतो आणि उरलेल्या कथेवर त्याची सावली तेवढी राहते. त्याचे बालपण सांगण्यासाठी २०२४ साली ‘मुफासा’ हा स्वतंत्र चित्रपट यावा लागला. तेथे ही कथा मुफासाच्या नातीला सांगितली जाते, हे विशेष. पूर्वकथेची गरज पित्याला नसते. ती वंशजाला असते.

मराठी परंपरेतील असा सर्वांत मोठा अनुपस्थित पिता म्हणजे शहाजी भोसले. १६३६ साली निजामशाहीचा शेवट झाल्यावर शहाजी आदिलशाहीच्या सेवेत गेला व त्याची कर्मभूमी कर्नाटक झाली. बंगळूर हे त्याचे मुख्य ठाणे होते. १६६४च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्याचा मृत्यू झाला. शिवाजी महाराजांच्या चरित्रकथनात पुण्याची जहागीर, जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांनी जी जागा व्यापली, ती पित्याची रिकामी जागा होती. बखरींपासून कादंबऱ्यांपर्यंत आणि पुढे रंगभूमी व चित्रपटापर्यंत शहाजी बहुधा दूरस्थच राहतो. १६४८ साली जिंजीनजीक त्याला कैद झाली, तो प्रसंगही पुत्राच्या मुत्सद्देगिरीची कसोटी म्हणून रंगतो. कैदेतल्या माणसाची कथा म्हणून क्वचितच सांगितला जातो.

ही रिकामी जागा भरण्याचा एक विस्तृत प्रयत्न महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या खोऱ्यात झाला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजी राजाच्या आज्ञेने त्याचा चिटणीस बाबूराव याने तो रचला. त्याचा काळ १८०३ सालचा. मराठीतील सर्वांत दीर्घ शिलालेख म्हणून तो प्रसिद्ध आहे. इतिहाससंशोधकांनी त्यातील कालनिर्देशांवर आणि काही घटनांवर आक्षेप घेतले आहेत, व ते योग्यही आहेत. परंतु साधन म्हणून दुबळा ठरलेला लेख वाङ्मय म्हणून दुबळा ठरतोच असे नाही. त्यात काय घडले याची नोंद जशी आहे, तशी काय घडलेले असावे अशी एका राजघराण्याची इच्छा होती, याचीही नोंद आहे.

या लेखाच्या रचनेतील पहिली लक्षणीय गोष्ट म्हणजे केंद्राचे स्थलांतर. महाराष्ट्रातील कथनात शिवाजी मध्यभागी असतो व शहाजी त्याच्या मागे उभा असतो. तंजावरला तसे करून चालणार नव्हते. तंजावरचे राजे शिवाजीचे वंशज नव्हते; ते त्याचा सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी याचे वंशज होते. दोन्ही शाखा जेथे एकत्र येतात ते नाव शहाजीचे. म्हणून येथे वंशवृक्षाचे खोड शहाजी ठरतो, आणि शिवाजी ही त्याची एक तेजस्वी शाखा होते. तीच माणसे, तेच नातेसंबंध. परंतु कथनाचा आरंभबिंदू बदलताच गौण पात्र मूळपुरुष होते. अनुपस्थिती हा पात्राचा गुण नसून निवेदकाच्या जागेचा परिणाम असतो, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल. पुण्याहून पाहिले तर पिता दूर आहे. कावेरीकाठाहून पाहिले तर दूर आहे तो पराक्रमी पुत्र.

तरीही ही उपस्थिती सरळ नाही. शहाजीने तंजावरवर कधीच राज्य केले नाही. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी व्यंकोजीने ते नगर ताब्यात घेतले. म्हणजे ज्या गादीचा मूळपुरुष म्हणून शहाजी सांगितला जातो, त्या गादीवर तो बसलाच नव्हता. लेखाला मालोजीपर्यंत आणि त्याही मागे जावे लागते, ते यामुळेच. भूमीवरचा हक्क जेथे अलीकडचा असतो तेथे कुलाचे प्राचीनत्व साक्षीला बोलवावे लागते.

या साक्षीची निकड १८०३ साली का भासली, हे सरफोजीच्या जीवनक्रमावरून उलगडते. १७७७ साली जन्मलेल्या सरफोजीला तुळजाराजाने १७८७ साली दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाचा मृत्यू झाला. तुळजाचा सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर आला. दत्तकविधानाच्या वैधतेवर पंडितांचे अभिप्राय मागवले गेले. ते आधी प्रतिकूल आणि पुढे अनुकूल निघाले. १७९८ साली सरफोजी राजा झाला, परंतु पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला. ज्याचा पुत्रपणाचा हक्कच वादात सापडला होता आणि ज्याच्या हाती राज्य नावापुरते उरले होते, अशा राजाने त्यानंतर चार वर्षांनी पित्यांची ही मालिका दगडात कोरवून घेतली. शहाजी कोण होता हे सांगताना हा लेख सरफोजी कोण आहे हेच सांगत असतो.

याच पित्याच्या इतर वाङ्मयीन रूपांशी तुलना केली असता लेखाचा स्वभाव अधिक उजळतो. जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’ शहाजीच्या हयातीतील दरबाराशी निगडित आहे. तेथे पिता रसिक, दानशूर, अनेक भाषांतील कवींनी वेढलेला असा दिसतो. वि. का. राजवाडे यांनी या चंपूला जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेत शहाजीला स्वतंत्र कर्तृत्वाचा पुरुष म्हणून उभे केले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही आरंभीचे अध्याय मालोजी, शहाजी आणि भातवडीचे युद्ध यांना दिलेले आहेत, मात्र तेथे पिता पुत्राच्या अवताराची पूर्वतयारी म्हणून येतो. चंपूतील शहाजी स्वतःसाठी आहे, शिवभारतातील शिवाजीसाठी, आणि शिलालेखातील वंशासाठी. तीन रचनांची ही तीन प्रयोजने ओळखली की त्यांच्यातील विसंगती चुका म्हणून खटकत नाहीत.

शिलालेखाची मर्यादाही याच प्रयोजनातून येते. वंशावळीच्या गद्याला ‘कोण’ आणि ‘कोणानंतर’ हे प्रश्न ठाऊक असतात. ‘का’ हा प्रश्न त्याला अडचणीचा वाटतो. शहाजीने एक संसार सह्याद्रीकडे ठेवून दुसरा दक्षिणेत का वाढवला? त्यात राजकीय निरुपाय किती आणि निवड किती? या गाठीचे पडसाद १६७७ साली उमटले. कोल्लिडम नदीच्या परिसरात दोघे भाऊ भेटले आणि शिवाजीने पित्याच्या दौलतीतील आपला वाटा मागितला. पिता मरून तेरा वर्षे झाली होती, तरी दोघांमध्ये बोलायचा विषय तोच होता. या भेटीत खऱ्या शोकात्म नाट्याचे बीज आहे : एक पुत्र पित्याच्या नावाने मोठा झाला, दुसरा पित्याच्या सहवासात, आणि दोघांनाही त्याच्यावरचा हक्क अपुराच वाटतो. वंशलेख लिहिणाऱ्या चिटणिसाकडून या नाट्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु पुढच्या मराठी कादंबरीकाराने व नाटककाराने ते बीज फारसे जोपासले नाही, ही उणीव मात्र नोंदवावीच लागते.

हा मराठी मजकूर ज्या मंदिरात कोरला आहे ते राजराज चोळाने बांधले. ते १०१०च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवर राजराजाच्या काळचे तमिळ लेख आहेत. राजाच्या पराक्रमाची प्रशस्ती आधी आणि दानाचा तपशील नंतर, ही चोळलेखांची रीत. आठ शतकांनी आलेल्या मराठी राजाने त्याच आवारात आपल्या कुळाला जागा मिळवून दिली. परक्या भूमीत पूर्वजांची कथा सांगायची तर ती त्या भूमीच्या सर्वांत जुन्या साक्षीदारासमोर सांगावी, ही जाण त्यामागे दिसते.

१८५५ साली सरफोजीचा पुत्र शिवाजी औरस पुत्रावाचून मरण पावला आणि तंजावरची गादी संपली. ज्या वंशजांसाठी ही पूर्वकथा कोरली होती त्यांचे राज्य अर्धशतकात गेले. कथा मात्र भिंतीवर राहिली. आता तिचा श्रोता वारसदार नाही, वाचक आहे. वाचकाला दगडातल्या पित्याकडून हक्काचा पुरावा नको असतो. त्याला तो माणूस हवा असतो. तो या लेखात पूर्ण सापडत नाही, पण तो किती ठिकाणी शोधावा लागतो, हे या लेखामुळेच कळते.