कपड्याचा गुन्हा की गाण्याचा?
('कोर्ट' आणि 'शाहिद' पुन्हा पाहताना)

पाचोडच्या फाट्यावर सकाळी पैठणच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत एक-दोन माणसं तरी तारखेवाली असतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. विचारलं तर "तारीख आहे" एवढंच सांगतात. कशाची, ते आपणही विचारत नाही.

हे आठवायला कारण, उन्हाळी सुटीच्या आधी आम्ही उर्दू शाळेतले तीन-चार शिक्षक आणि नववीची काही मुलं-मुली मिळून दोन सिनेमे पाहिले. हंसल मेहतांचा 'शाहिद' (2013) आणि चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014). दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, दोन्हींवर पुष्कळ लिहून झालं. तरी आमच्या वर्गाने ते ज्या तऱ्हेने पाहिले त्याविषयी लिहावंसं वाटलं.

'शाहिद' मुलांना लगेच भिडला. शाहिद आझमी हा कुर्ल्याचा खरा वकील. तरुण वयात टाडाखाली तुरुंग भोगून सुटलेला, मग कायदा शिकून बॉम्बस्फोटांच्या आरोपींची वकिली करणारा. 11 फेब्रुवारी 2010 रोजी त्याच्याच कार्यालयात त्याचा खून झाला. 26/11 च्या खटल्यात तो ज्याचा वकील होता, तो फहीम अन्सारी त्यानंतर तीन महिन्यांच्या आत निर्दोष सुटला. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम केली. सिनेमातलं कोर्ट हिंदी सिनेमातलं वाटत नाही. खोली अरुंद, वकील एकमेकांच्या अंगावर ओरडणारे, न्यायाधीश वैतागलेले. मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला म्हणतात तो नकाशा इतका स्वच्छ कसा, त्यावर रक्ताचा डाग कसा नाही, या साध्या प्रश्नावर वर्गात टाळी पडली. राजकुमार राव यांच्या कामाविषयी नव्याने काय सांगावं!

पण आम्हाला एक गोष्ट खटकली. सिनेमा संपल्यावर आम्ही रडलो आणि रडून मोकळे झालो. शाहिद गुणी होता, शूर होता, म्हणून आपल्याला वाईट वाटतं. गुणी नसलेल्या, तिरसट, नीट बोलताही न येणाऱ्या आरोपीचं काय? पैठणच्या गाडीत चढणारा माणूस बहुधा तसाच असतो.

'कोर्ट' तिथून सुरू होतो. नारायण कांबळे म्हातारा लोकशाहीर आहे. पहिल्याच दृश्यात तो घरात मुलांची शिकवणी घेतो. आम्हा मास्तरलोकांना तो तिथेच आपला वाटला. शिकवणी आटोपून तो बसने कार्यक्रमाला जातो, गातो, आणि पोलीस त्याला घेऊन जातात. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. असं गाणं लिहिलं का, असं विचारल्यावर तो म्हणतो, अजून नाही, पण लिहायला हरकत नाही. शहाणा आरोपी असं बोलत नाही. ही भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते होते. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने ते गेले.

मुलं कंटाळली, हे कबूल करायला हवं. कॅमेरा जागचा हलत नाही, कोणी ओरडत नाही. पण मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहिली आणि वर्ग गप्प झाला. नवरा गटारात उतरण्याआधी आत दगड टाकायचा, झुरळं बाहेर आली तर हवा आहे असं समजून उतरायचा. हे ती अगदी घरगुती आवाजात सांगते. तिला रडवण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला. आमच्या दिवाळी अंकांतल्या आणि, स्पष्टच बोलायचं तर, या वार्षिकातल्याही किती कथाकारांना तो टाळता आला असता?

दुसरी गोष्ट भाषेची. वकील, फिर्याद, जामीन, मुचलका, तारीख, वकालतनामा. कोर्टाची मराठी आमच्या मुलांना कोशाशिवाय कळते, कारण हे शब्द उर्दूच्या पुस्तकात त्यांना आधीच भेटलेले असतात. मराठीच्या तासाला आम्ही हे अभिमानाने सांगत आलो. सिनेमात मात्र साक्षीदार मराठीत बोलतो, न्यायाधीश ते इंग्रजीत लिहवून घेतात, आणि सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं इंग्रजीत सपाट सुरात वाचत राहतात. आरोपी समोर उभा असतो आणि त्याच्याविषयीचं सगळं त्याच्या डोक्यावरून जात असतं. मुलं इथे हसली. हसण्यासारखंच आहे ते.

मग ते दृश्य आलं. मर्सी फर्नांडिस नावाच्या बाईचं प्रकरण पुकारलं जातं. तिने बिनबाह्यांचे कपडे घातलेत म्हणून न्यायाधीश त्या दिवशी ते ऐकतच नाहीत, पुढची तारीख देतात. मिनिटभराचं काम. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "सर, जुर्म कपडे का था या गाने का?" आम्ही उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात पुढे बसलेली एक मुलगी स्कार्फ सावरत म्हणाली, "इसके बाजू खुले थे इसलिए, उडुपी में सर ढका था इसलिए."

कर्नाटक सरकारचा गणवेशाचा आदेश 5 फेब्रुवारी 2022 चा. 15 मार्चला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. तेव्हा ही मुलगी प्राथमिक शाळेत होती. घरात काय काय ऐकलं असेल तिने! बिनबाह्यांची बाई आणि स्कार्फवाली मुलगी यांना आपण दोन वेगळ्या वादांत टाकतो. आमच्यातले काही जण पहिलीवर नाक मुरडतात, बाहेरचे काही दुसरीवर. तिने दोघींना एका बाकावर बसवलं. 'कोर्ट'वरच्या आम्ही वाचलेल्या कुठल्याही परीक्षणात हे नव्हतं.

शेवटाबद्दल आमचं एकमत झालं नाही. सुटी लागते, कोर्टाचे दिवे एकेक करून मालवतात, दालन काळोखात बुडतं. सिनेमा तिथेच थांबायला हवा होता, असं आमच्यातल्या दोघांना वाटतं. पुढे सहलीला गेलेले न्यायाधीश नीट बोलता न येणाऱ्या मुलासाठी नाव बदलण्याचा आणि खड्याच्या अंगठीचा सल्ला देतात, झोपमोड झाली म्हणून एका पोराला चापट मारतात. एवढा वेळ प्रेक्षकावर विश्वास टाकून इथे दिग्दर्शकाने बोट दाखवलं, असं आमचं म्हणणं. विज्ञान शिकवणारे सहकारी मात्र ऐकेनात. कांबळेला आत ठेवायचं की नाही हे अंगठीवर विश्वास असलेला माणूस ठरवतो, हे दाखवायलाच हवं होतं, असं ते म्हणाले. त्यावर चहा येईपर्यंत वाद चालला.

मुलांना या वादात रस नव्हता. त्यांना एवढंच हवं होतं, की कांबळेचं पुढे काय झालं. सिनेमात ते सांगितलेलं नाही, असं आम्ही म्हणालो, तर मागचा तो मुलगा म्हणाला, "मतलब तारीख पडी."