नक्कल कीं निर्मिति? फ्रेंच मेजांविषयीं थोडेसें

पंधराव्या लुईच्या सुप्रसिद्ध लेखनमेजाचें काम एबेन यानें १७६० सालीं आरंभिलें. १७६३ त तो वारल्यावर रीझनेर यानें तें १७६९ त पुरें केलें. पुढें १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांत आंरी दासों यानें त्याच मेजाची प्रतिकृति मांडली. एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच शोभिवंत सामानावरचा मुख्य आक्षेप येथेंच उभा राहतो. ज्या हातांना इतकें साधतें, त्यांनीं नवें कांहीं कां निर्मूं नये?

आक्षेप पोकळ नाहीं. परंतु त्या हातांना काय करावें लागे, हें पाहिल्यावांचून तो घेऊं नये. सांगाड्यावर रंगीबेरंगी लांकडांचे पातळ पापुद्रे कापून जुळवावयाचे, मग ब्राँझच्या वेलबुट्टीवर सोनें चढवावयाचें. जुन्या रीतीनें तें पाऱ्यांत कालवून लावीत व विस्तवावर पारा उडवून देत. मागें सोनें राही, आणि त्या विषारी वाफेनें कारागिराची प्रकृति ढासळे. दिवाणखान्यांच्या वर्णनांत ही किंमत सहसा येत नाहीं.

फ्रांस्वा लिंके याची गोष्ट निराळी. १९०० च्या प्रदर्शनांत स्वतःचें द्रव्य पणाला लावून त्यानें मांडलेल्या भव्य मेजाला सुवर्णपदक मिळालें. लेओं मेसाजे या मूर्तिकारानें घडविलेल्या ब्राँझच्या आकृति मेजाला चिकटविलेल्या न वाटतां त्यांतूनच उगवल्यासारख्या वाटतात. लुईशाही वळणांत नव्या काळची वाहती रेषा शिरली आहे. याला नक्कल म्हणावयाचें, तर आमच्या पन्हाळ्यास जन्मलेल्या मोरोपंतांना महाभारताचे नकलकार म्हणावें लागेल! (एबेन व रीझनेर मूळचे जर्मन, लिंके बोहेमियांतला, ‘फ्रेंच’ कारागिरी ही अशी पाहुण्यांनीं वाढविलेली आहे.) दोष असलाच तर दुसरा आहे: इतक्या सोन्यावर कोपर टेकून कोणी पत्र लिहील, असें वाटत नाहीं.

आपल्या संस्थानिकांनीं वाडे बांधले तेव्हां युरोपीय थाट त्यांच्या दिवाणखान्यांत आला. कोल्हापूरचा नवा राजवाडा १८८४ त पुरा झाला. त्याचा आराखडा करणारा मेजर मँट १८८१ तच वारला होता. मँटनें त्या वास्तूंत देशी व परकी वळणें एकत्र आणलीं, त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. पण सरसानें बसविलेले पापुद्रे आपल्या पावसाळी हवेंत सुटूं लागतात, हा साधा विचार सामान मागविणाराला सुचावयास हवा.

सावंतवाडीचा चितारी फिरत्या लांकडावर लाखेची कांडी टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून रंग बसतो. कोंकणच्या पावसांतली ही विद्या शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनीं राजवाड्यांत कारागीर बसवून जगविली. लिंकेच्या मेजाकडे आपण ज्या बारकाईनें पाहतों, त्या बारकाईनें या कामाचें परीक्षण करणारा मात्र अजून विरळाच.