निर्णय-सहाय्यात विदा-प्रतिमान व गणिती प्रतिमानभाषा : कोकण रेल्वेच्या वेळापत्रकाच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये विदेचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. गॅम्स, एम्पल यांसारख्या भाषांनी पुढे निर्णयाचे गणित सुबोध चिन्हांत लिहिण्याची सोय केली. हे दोन प्रवाह बराच काळ समांतर वाहिले. आर्थर जेफ्रियन यांनी १९८७ मध्ये मांडलेले संरचित प्रतिमानन हा त्यांना एकत्र आणण्याचा महत्त्वाचा प्रयत्न होय.

विवेचन

रत्नागिरी हे ज्या कोकण रेल्वेचे विभागीय केंद्र आहे, तिच्या वेळापत्रकावरून या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. रोहा ते ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटर मार्गापैकी रोहा-वीर टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. उर्वरित मार्ग मुख्यतः एकेरी आहे. एकेरी खंडात समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत, ही गणिती अट होय. स्थानके, खंड आणि धावेचा वेळ ही विदा होय. एम्पलमध्ये अट एकदाच लिहून विदा स्वतंत्र ठेवता येते. ती अट ‘एकेरी खंड’ या संचावर बेतलेली असेल, तर खंड दुहेरी झाल्यावर केवळ संच बदलतो. अट तशीच राहते. हा या भाषेचा निर्विवाद गुण आहे.

तथापि, पावसाळ्यात तिची मर्यादा उघड होते. दरडींच्या धोक्यामुळे त्या काळात गाड्या कमी वेगाने धावतात. पावसाळी वेळापत्रकाचा काळ अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असा होता. २०२५ मध्ये तो १५ जून ते २० ऑक्टोबर असा झाला. म्हणजे ऋतू हीदेखील बदलणारी विदाच ठरते. धावेच्या वेळाची नोंद खंड आणि गाडी यांबरोबर ऋतूशीही जोडलेली नसेल, तर उन्हाळ्यातील वेग पावसाळ्याच्या गणितात शिरतो. उत्तर आकडेमोडीने बिनचूक, पण व्यवहारात धोकादायक ठरते. एम्पलमधील तपासणी-विधाने मूल्याची मर्यादा पडताळतात. मूल्य कोणत्या ऋतूचे आहे हे निर्देशांकातच नसेल, तर हा दोष त्यांच्या नजरेतून सुटतो.

जेफ्रियन यांच्या मांडणीत वस्तू, गुणधर्म, फलन आणि कसोटी एकाच चक्ररहित साखळीत येतात. त्यामुळे प्रत्येक आकड्याचे मूळ शोधता येते. मात्र त्या आकड्याच्या सत्यतेची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर ही रचना देत नाही.

निष्कर्ष

या दोन शास्त्रांचा संयोग केवळ फाइल जोडून साधत नाही. विदेची व्याख्या ठरतानाच निर्णयाच्या अटी विचारात घ्याव्या लागतात. महाविद्यालयांत विदासंचय आणि क्रियात्मक संशोधन हे विषय स्वतंत्रपणे शिकविले जातात, तेथे विद्यार्थी दिलेले कोष्टक सोडवितो. कोष्टक कसे घडले, हे विचारत नाही. वेळापत्रकासारखा एखादा समान प्रकल्प दोन्ही विषयांस जोडून दिल्यास ही उणीव दूर होऊ शकेल.